अठरा हजारांचा कोबा

आमच्या दिनानाथला कुठलीही वस्तू दाखवा, तो आधी विचारतो, "कितीला पडली?" तुम्ही किंमत सांगितलीत की चुकचुकतो. "फसवलं तुला," म्हणतो. मग तीच वस्तू त्याने कितीला आणली ते सांगतो. ती नेहमी निम्म्यात आलेली असते. पंखा निम्म्यात, टीव्ही निम्म्यात, घरावरचे पत्रे तर जवळजवळ फुकटात. पेणच्या सगळ्या दुकानदारांनी मिळून या एका माणसाच्या पायी दिवाळं कसं काढलं नाही, याचं मला आधी नवल वाटायचं.

मी त्याचा चुलतभाऊ. गागोद्याकडे जाणाऱ्या रस्त्यावर आमचं गाव आहे. त्याच्या आणि माझ्या घराची भिंत एकच, त्यामुळे त्याच्या निम्म्या किमतीचं गुपित मला फार दिवस चुकवता आलं नाही. टीव्ही आणला तेव्हा त्यात हौसाचे, म्हणजे त्याच्या बायकोचे, भिशीतले पैसे गेले होते. पत्रे आणले तेव्हा सासऱ्याने बैलजोडी विकून हातभार लावला होता. दिनाने हे लपवलं असं नाही. त्याने ते धरलंच नाही. स्वतःच्या खिशातून गेला तोच खर्च, बाकीच्यांच्या खिशातून गेला तो नशिबाचा भाग, असा त्याचा हिशेब. खोटं बोलणारा माणूस निदान एखाद्या वेळी अडखळतो. दिना कधी अडखळला नाही, कारण आपण खोटं बोलतोय हे त्याच्या गावीही नव्हतं.

रोह्याच्या एका कंपनीत त्याने पंपावर नोकरी केली. शिफ्टची नोकरी, आठवड्याला जेवणाची वेळ बदलायची. हौसा कधी पहाटे चार वाजता भाकऱ्या थापायची, कधी मध्यरात्री. दिना म्हणायचा, "कंपनीच्या कँटीनपेक्षा घरचा डबा मला स्वस्त पडतो." मला त्या वेळीही राग यायचा. पण हौसा हसायची, म्हणून मीही गप्प राहायचो. तिचं नाव हौसा ठेवणाऱ्याला मात्र एकदा भेटायची माझी इच्छा आहे.

निवृत्त झाल्यावर त्याने मुलीचं लग्न ठरवलं. दिशा त्याची एकुलती एक. पेणला गणपतीच्या कारखान्यात ती मूर्तींना खडे चिकटवायचं काम करायची. मुकुट, बाजूबंद, सोंडेवरची नक्षी, सगळं एकेक खडा चिमट्याने उचलून. मूर्तीमागे पैसे. घरी यायची तेव्हा बोटांना गोंद आणि नखांत चमकी. त्यातून तिने चोवीस हजार साठवले होते. ते कशासाठी, हे सगळ्या आळीला माहीत होतं. रोह्याला सासरी गेल्यावर तिकडे काम धरायचं, आणि कामाला जायला स्कूटी घ्यायची. तिचं डाउन पेमेंट ती स्वतः भरणार होती. नवऱ्याच्या मागे बसून जायची नव्हती.

मुलगा साईराज, चांगला पोरगा. आम्ही घर बघायला रोह्याला गेलो, तर त्यांच्या दारात लाल-पिवळे पेव्हर ब्लॉक बसवलेले. दिना गाडीतून उतरला तो ब्लॉकांवरच थांबला. खाली वाकून त्याने एक ब्लॉक बोटाने वाजवून पाहिला. मुलगा पगार किती घेतो हे विचारायचं राहिलं, ब्लॉक कितीला बसवले हे मात्र पोहे येण्याआधी विचारून झालं. व्याह्यांनी किंमत सांगितली. दिना सवयीने "फसवलं" म्हणायच्या बेतात होता. मी त्याच्या पायावर पाय दिला.

परतताना वडखळला गाड्यांच्या रांगेत अडकलो. पुढे ट्रेलर, मागे ट्रेलर. तिथे बसल्या बसल्या दिनाने जाहीर केलं, "लग्नाच्या आधी आपलं अंगण काँक्रीट करायचं. व्याही मांडवात येणार नि शेणावर बसणार काय?"

त्या शेणाच्या अंगणाबद्दल एक सांगायला हवं. दरवर्षी पाऊस सरला की हौसा ते खणायची, माती भिजवायची, चोपण्याने चोपून चोपून सपाट करायची आणि वर सारवायची. तिथे वाल वाळायचे, तिथे गावातली पोरं झोपायची, तिथे संध्याकाळी आम्ही म्हातारे बसून दिनाच्या किमती ऐकायचो. त्या अंगणाचा खर्च कुणी कधी विचारला नाही, कारण तो दिनाचा नव्हता.

मग विलास मिस्त्री आला. बुलेट, काळा चष्मा, आणि फोन कायम स्पीकरवर, म्हणजे त्याची दुसरी कामंही सगळ्यांना कळावीत. मिस्त्री नम्र असतो असं ज्यांना वाटतं त्यांनी विलासला भेटावं. त्याने टेप काढलाच नाही. पावलं टाकली आणि म्हणाला, "पंधरा बाय वीस. शेठ, पंचेचाळीस होतील."

आमच्या तालुक्यात गुंठाभर जमीन विकली की माणूस शेठ होतो. दिनाला ही पदवी काहीच न विकता मिळाली, त्यामुळे तो जरा खुलला. पण लगेच सावरून म्हणाला, "पंचेचाळीस? सोनं वतनार हाईस काय?"

"मुरूम धरा, खडी धरा, क्रश सँड धरा. वीसेक पोती शिमिट. जाळी. मिक्सरचं भाडं. माझी चार माणसं. तुम्हीच सांगा, कुठं कापू?"

"माणसं काप."

दोन दिवस हा बाजार चालला. शेवटी बेचाळीसवर तुटलं. विलासला ते चाळीसलाही परवडलं असतं, हे तो नंतर मला पेणच्या टपरीवर चहा पिताना म्हणाला. म्हणजे फसवण्याच्या बाबतीत दोघेही समाधानी होते.

आता पैसे. दिनाने अठरा हजार बँकेतून काढले आणि उरलेल्यांसाठी दिशाकडे गेला. मी भिंतीपलीकडेच होतो. कान देण्याची गरज नव्हती, दिना कधी हळू बोलत नाही.

"वापरायला दे. आहेराचे आले की देतो."

"बाबा, ते स्कूटीचे हायत."

"स्कूटी जावई घेऊन देल. कोबा कोण देनार हाय? तुज्याच मांडवासाठी करतोय ना मी?"

कपाटाचं दार उघडल्याचा आवाज आला. मुलीच्या मांडवासाठी मुलीकडूनच पैसे घ्यायचे आणि वर तिच्यावर उपकार चढवायचे, ही कला सगळ्यांना जमत नाही. याला आमच्याकडे दुसऱ्याच्या जिवावर उदार म्हणतात. दिना तर दुसऱ्याच्या जिवावर काटकसरी होता.

काम सुरू झालं त्या सकाळी विलासने एक गोष्ट विचारली. आमच्याकडे अंगण काँक्रीट करताना मिस्त्री एका कडेला पाइपाचा तुकडा उभा घालून ठेवतात. काँक्रीट त्याच्या भोवतीने भरायचं, वर टोपण लावायचं. घरात लग्न निघालं की टोपण काढून त्या भोकात मांडवाची मेढ पुरायची. हल्लीचे मांडव लोखंडी पाइपांचे असतात, ते कुठेही उभे राहतात. पण मुहूर्तमेढ लाकडाची लागते, तिला उंबराची फांदी बांधायची, खाली खड्ड्यात सुपारी, हळकुंड आणि नाणं टाकायचं, आणि ती जमिनीतच जायला हवी. हे आमच्यातल्या शेंबड्या पोरालाही माहीत आहे.

"शेठ, मेढीला पाइप ठेवू ना? टोपणासकट दीडशे होतील."

दिनाने डोळे बारीक केले. बेचाळीस ठरल्यावर वर दीडशे, म्हणजे हा पाइप विकायला बघतोय, हे त्याने ताबडतोब ओळखलं. "काय नको भोक नि बीक. सलग पायजे. व्याह्यांच्यात कुठं भोक हाय?"

"मग मेढ?"

"ते आमी बघू."

विलासने खांदे उडवले. भिंतीपासून रस्त्यापर्यंत आणि रस्त्यापासून शेजारच्या सरूवयनीच्या वईपर्यंत, म्हणजे कुंपणापर्यंत, त्याने सगळं अंगण सलग भरून टाकलं. बोटभर माती कुठे उरली नाही. हौसा दारात उभी राहून बघत होती. तिच्या चोपण्याला आता काम उरलं नव्हतं. तिला बरं वाटलं की वाईट, हे दिनाने तिला विचारलं नाही. मी विचारलं, तर म्हणाली, "कंबर तरी वाचली." पण ते चोपणं तिने चुलीत घातलं नाही, माळ्यावर ठेवलं.

एक गोष्ट मात्र दिनाने स्वतः केली. काँक्रीटला पाणी मारणं. माती-गोणपाटाचे वाफे करून त्याने त्यात दिवसरात्र पाणी उभं ठेवलं. पाणी फुकट, वेळही फुकट. त्यामुळे कोबा असा पक्का झाला की विलासने बुटाची टाच आपटून पाहिली आणि स्वतःच चकित झाला.

मग माणसं बघायला येऊ लागली. प्रत्येकाचा तोच प्रश्न, आणि दिनाचं तेच उत्तर.

"अठरा हजार."

"सगळा?"

"सगळा. जाळीसकट."

तो असं सांगत असताना दिशा आतबाहेर करत असली तरी त्याच्या आवाजात फरक पडायचा नाही. पाहुण्यांना चहा तीच आणायची. कप ठेवायची आणि आत जायची. एकदा मी तिच्याकडे बघितलं तर तिने मान खाली घातली. चोरी केल्यासारखी ती दिसत होती, बाप नाही. त्या दिवशी मी चहा तसाच ठेवून उठलो.

अठरा हजारांची बातमी वईपलीकडे सरूवयनीच्या कानांवर गेली. ही विधवा बाई, एकटी राहते, वाल पिकवते आणि विकते. पाऊस सरला की अंगण चोपणं तिलाही आता होत नव्हतं. अठरात होतंय म्हटल्यावर तिने वालाचे पैसे फडक्यात बांधले, एसटीत बसून पेणला गेली आणि विलासच्या दुकानात ते फडकं त्याच्यापुढे सोडलं.

विलास हसला. दुकानात दुसरी चार गिऱ्हाइकं होती, ती पण हसली. "आजी," तो म्हणाला, "अठरात माझा मिक्सर तुमच्या दारात येईल, घुर्र करील नि परत जाईल."

"दिनाला कसा केलास मग?"

विलासने खरी किंमत सांगितली. लपवायचं त्याला काय कारण? सरूवयनीने फडक्याची गाठ पुन्हा मारली आणि परत आली. मला एवढंच म्हणाली, "चार मानसांत हसं झालं माजं. मी इचारीन त्याला. घाई नाय." आणि हातात शेणाचा पोह घेऊन आपलं मातीचं अंगण सारवायला बसली.

घर पाहावं बांधून आणि लग्न पाहावं करून म्हणतात. दिनाने दोन्ही एकाच उन्हाळ्यात काढलं. हळदीच्या दिवशी सकाळी मांडववाल्याने पाइप उभे केले, वर कापड ताणलं, झालरी लावल्या. कोबा चकाकत होता. दिशा पिवळी साडी नेसून उंबऱ्यापुढे रांगोळी काढत होती. तेवढ्यात हौसाचा भाऊ हैबतराव आला. मेढ पुरायचा मान मामाचा. उंबराची फांदी खांद्यावर, हातात पहार, मागे त्याच्या गावची माणसं. अंगणात येऊन तो उभा राहिला आणि इकडेतिकडे बघू लागला.

"भावोजी, खड्डा कुठं खनू?"

दिना तयारीत होता. त्याने घरामागून रंगाचा रिकामा डबा आणला, वाळूने शिगोशिग भरलेला. "ह्यात उभी करा. घट्ट ऱ्हाते. मी हालवून बगितलीय."

हैबतरावने डब्याकडे बघितलं. डब्यावर रंगाच्या कंपनीचं चित्र होतं, हसणारं कुटुंब. "भावोजी, मेढ भुईत जाते. डब्यात मनीप्लांट लावतात."

"जमाना बदलला, हैबतराव."

"बदलू दे. माज्या भाचीची मेढ मी डब्यात पुरनार नाय. नायतर ही फांदी घेऊन मी चाललो."

आता मामा चालला म्हणजे मेढ नाही, मेढ नाही म्हणजे हळद नाही. आणि संध्याकाळी रोह्याहून व्याह्यांची माणसं हळद घेऊन येणार. बायका एकमेकींकडे बघू लागल्या. माझ्या दारात तर कधीचीच फरशी. कुणीतरी म्हणालं, वयनीच्या अंगणात पुरू, वईला लागून तर आहे. मांडवाचं कापड हातभर तिकडे ओढलं की झालं. सगळ्यांना ते पटलं. दिनालाही पटलं, कारण ते फुकट होतं.

सरूवयनी वईच्या पलीकडेच उभी होती. सकाळपासून उभी होती म्हणा.

"वयनी, मेढ पुरू का तुज्यात?"

"पूर की. पोरगी काय माजी नाय?" ती म्हणाली. "पन आदी एक सांग. ह्यो कोबा तुला कितीला पडला?"

"आता ते काय मधीच?"

"सांग ना. सगल्यांना सांगितलंस. मना बी सांग. मी अठरा घेऊन गेल्ते मिस्त्रीकडं. हसून परत पाठवली मना. खरा आकडा सांग नि खन खड्डा."

विलासला लग्नाचं आमंत्रण होतंच. तो हातात सरबत घेऊन मांडवाच्या टोकाला उभा होता. त्याने चष्मा डोळ्यांवर घेतला आणि दुसरीकडे बघितलं.

दिनाने एकदा वयनीकडे बघितलं, एकदा हैबतरावकडे, एकदा त्या हिरव्या फांदीकडे. एक आकडा बोलायचा होता. तो बोलला असता तर कुणी त्याला फाशी देणार नव्हतं. लोक हसले असते, जेवले असते, विसरले असते. मुलीचं लग्न तोंडावर होतं. मला खरंच वाटलं, आता हा बोलेल.

"अठरा," दिना म्हणाला.

वयनीने वईवर हात आडवा ठेवला.

तेव्हा दिशा रांगोळीवरून उठली. मुठीत अजून रांगोळी होती. तिचा आवाज मोठा नव्हता, पण मांडवात सगळ्यांना ऐकू आला.

"बेचाळीस. चोवीस माझे."

दिना म्हणाला, "अगो, मी काय म्हनतो—"

"खडे चिकटवून मिळवलेले, बाबा. तुम्ही ते कधी धरलेच नाय." आणि ती अंगणाच्या मधोमध गेली, वाकली, आणि तिने मूठ सोडत एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत पांढरी रेघ ओढली. मधोमध नव्हे, घराकडे जराशी सरकवून. हिशेबाची पोरगी. "ह्या अंगाचा बाबांचा. हा माझा. मामा, माझ्यात फोडा."

हैबतराव इतका वेळ संतापलेला होता, त्याचे डोळे एकदम भरून आले. त्याने फांदी हौसाच्या हातात दिली आणि पहार उचलली. पहिला घाव बसला आणि पहार टणकन वर आली. दुसऱ्याला ठिणगी उडाली. दिनाने फुकट मारलेलं पाणी आता वसूल होत होतं. चार जणांनी आळीपाळीने घाव घातले, तरी कपचीसुद्धा धड निघेना. शेवटी विलासने सरबत खाली ठेवलं आणि पेणहून ब्रेकर मागवला. भाडं किती, ते त्याने दिनाला सांगितलं. पाइपाचे दीडशे त्याचा दहावा हिस्सा होते, हेही सांगितलं. विलासला अशा वेळी गप्प बसता येत नाही.

ब्रेकरचा घर्र आवाज आणि सनईची कॅसेट एकाच वेळी चालू होती. धुळीने झालरी पांढऱ्या झाल्या. खाली हौसाने वर्षानुवर्षं चोपलेली तांबडी माती लागली. तिने स्वतः पुढे होऊन सुपारी, हळकुंड आणि नाणं टाकलं. मेढ उभी राहिली. सरूवयनी वई ओलांडून आली आणि तिने पहिलं हळदकुंकू वाहिलं. दिना त्याच्या बाजूच्या कोब्यावर उभा होता. रेघ ओलांडून यायला त्याला कुणी मनाई केली नव्हती, पण तो आला नाही.

लग्न छान झालं. आहेराची पाकिटं हैबतरावच्या ताब्यात होती. पाठवणीच्या वेळी त्याने त्यातले चोवीस हजार दिशाच्या पर्समध्ये घातले आणि उरलेली पिशवी भावोजींना दिली. दिना आठवडाभर सगळ्यांना सांगत होता की यंदा आहेर कमीच आला. दिशा रोह्यात पांढरी स्कूटी चालवते.

पावसाच्या आधी तो खड्डा बुजवला. सिमेंट, खडी आणि एका माणसाची अर्ध्या दिवसाची मजुरी. ठिगळ वेगळ्या रंगाचं दिसतं, लांबूनही दिसतं. परवा वरच्या आळीतला एक जण येऊन ते निरखत होता. त्यालाही अंगण करायचं आहे. त्याने विचारलं, "काका, हे बुजवायला किती पडले?"

दिना खुर्चीत सरसावून बसला. "दोनशे," तो म्हणाला.

आतून भांड्यांचा आवाज थांबला. तीस वर्षांत मी हौसाला त्याच्या बोलण्यात मध्ये बोलताना ऐकलं नव्हतं.

"पाचशे," ती आतून म्हणाली. "तीनशे माजे हायत."

तेव्हापासून कुणी किंमत विचारली की दिना आधी दाराकडे बघतो.